निळ्या कोपऱ्याचा सोफा

५ जानेवारी, रविवार

"हॉल मोठा आहे हं तुमचा. आवाज छान घुमतो!"

उज्वला वहिनी एवढंच म्हणाल्या. दाराशी चपला घालताना, हसत हसत. दादा खाली गाडी काढत होता. नवीन घर बघायला आले होते दोघं. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोनच. एकीवर दादा, एकीवर वहिनी, आणि आम्ही नवरा-बायको दोन भिंतींना टेकून उभे. जणू आम्हीच पाहुणे.

ते गेल्यावर चैतालीने स्वच्छ फरशी पुन्हा पुसली. दोनदा. मग फडकं बादलीत आपटून म्हणाली, "नऊ फेब्रुवारीला वास्तुशांत आहे ना? तोपर्यंत हे घर असं सजवते की वहिनींना बसायला जागा मिळेल आणि बोलायला तोंड राहणार नाही. आणि शोरूममधून एक वस्तू आणायची नाही!"

म्हटलं, शोरूम आपल्याला आणू कुठं देतेय. रागावली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

कंपनीने नव्या वर्षाची डायरी दिली आहे. गेल्या वर्षीच्या डायरीत फक्त गॅस संपल्याच्या तारखा लिहिल्या. या वर्षी खरं काय ते लिहायचं ठरवलंय. बघू.

६ जानेवारी, सोमवार

तिच्या लग्नातली, शालूच्या खालोखाल जपलेली मोरपंखी साडी कापली. पडदे झाले. कापताना डोळे मिटून घेतले होते तिने. उघडल्यावर मात्र म्हणाली, "अय्या, हॉल उंच वाटायला लागला!"

८ जानेवारी, बुधवार

दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघते आहे. बाटल्यांचे दिवे, नारळाच्या करवंट्यांची फुलदाणी, रद्दीच्या सुरळ्यांची आरशाची चौकट. आज जेवताना एकदम – "अहो, तुमच्या कंपनीत त्या लाकडी चौकटी असतात ना, ज्यांच्यावर माल ठेवतात? पॅलेट. एकावर एक ठेवून लोक सोफा करतात!"

"असतात की. पडूनच असतात," मी म्हणालो.

अरे, काय गरज होती? मी स्टोअरमध्ये आहे. मला माहीत नाही होय? भंगारातलं लाकूड बाहेर काढायचं तर अर्ज, दोन साहेबांच्या सह्या, मग गेटपास. महिनाभर तरी जातो. पण तिने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी कंपनीचा मालकच! "साहेबांना विचाराल ना?" म्हणाली. "विचारलंय," म्हणून मोकळा झालो.

९ जानेवारी, गुरुवार

आणल्या. चार.

साडेपाचला शिफ्ट सुटली. अंधारून येईपर्यंत रेंगाळलो. भंगाराच्या शेडजवळ ताडपत्रीखाली पॅलेटची थप्पी होती, तिच्या वरच्या चार उचलल्या. छोटा हत्ती टेम्पोवाला ओळखीचा.

दोन नंबर गेटवर खंडूकाका होते. खंडेराव – दिंडोरीकडचे, एजन्सीचे वॉचमन, अकरा वर्षं या गेटवर आहेत. मी कामाला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी डबा नव्हता आणला, त्यांनी अर्धी भाकरी दिली होती. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"पास?"

"उद्या देतो काका. साहेब लवकर गेले."

"भंगारातल्याच हायेत ना?"

"मग काय! नाहीतर जळणालाच गेल्या असत्या."

"मग मी रजिस्टरला उद्याच चढवतो, पास आला की. आज चढवलं तर पासचा नंबर कोरा दिसंल. जा घेऊन. वास्तुशांतीला बोलव म्हंजे झालं." मी हो म्हटलं आणि त्यांनी दांडा वर केला.

चैतालीने जिन्यातच टाळ्या वाजवल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी उजेडात पाहिलं. चारही पॅलेटचे कोपरे निळे.

स्टोअरमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं – निळा कोपरा म्हणजे गिऱ्हाइकाची पॅलेट. माल उतरला की मोजून परत जाते. ती भंगार नसतेच! कुणीतरी पाऊस नसताना ताडपत्री घातली आणि मी खालचं न बघता... नाही. खरं लिहायचं ठरलंय. बघितलं नाही, कारण बघायचं नव्हतं.

आजच परत नेता आल्या असत्या. नेल्या नाहीत. पॉलिश पेपर घेऊन गॅलरीत बसलो आणि निळा रंग घासला. चैतालीने विचारलं, "तेवढेच कोपरे का घासताय?" म्हटलं, "तेवढेच खराब आहेत." हात दुखेपर्यंत घासलं. लाकडाच्या रेषांत निळं राहिलंच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गेटवर खंडूकाकांनीच पुढे होऊन तिळगूळ दिला. "गोड बोल रे बाबा. आन् पास राहिला हां तुझा."

"उद्या नक्की काका."

तीळ दाढेत अडकला. संध्याकाळपर्यंत जीभ तिथंच जात होती.

१८ जानेवारी, शनिवार

सोफा झाला! लिहायलाच हवं, कारण झाला खरोखर देखणा. दोन पॅलेट खाली, एक वर, चौथी उभी करून पाठ. माहेरून आलेल्या कापसाच्या गादीला चैतालीने जुन्या चादरींची ठिगळं जोडून खोळ शिवली. कडेला रंगाच्या रिकाम्या डब्यांत रोपं – डब्यांना गेरू आणि वर पांढरे ठिपके.

ठिपक्यांची कल्पना चिमणाबाईंची. खंडूकाकांच्या बायको. गेटमागे पत्र्याची एक खोली आहे, वॉचमनला राहायला, तिथं ते दोघं राहतात. खंडेनवमीच्या पूजेला कंपनी घरच्यांना आत सोडते, तेव्हा चैतालीने ती खोली पाहिली होती. गेरूने सारवलेली भिंत, जुन्या लुगड्याच्या काठाचं तोरण, दाराशी डब्यात तुळस. "एवढीशी खोली, पण काय ठेवलीये त्यांनी!" असं महिनाभर म्हणत होती.

सोफ्यावर पहिला मी बसलो. मऊ आहे. मला टोचला.

एक फायदा – वरच्या दोन फळ्यांमध्ये, गादीखाली, बोटभर फट आहे. ही डायरी त्यात बरोबर बसते.

१९ जानेवारी, रविवार

तिने व्हिडिओ टाकला. "नमस्कार मैत्रिणींनो, पाचशेच्या आत राजेशाही हॉल!" मी बाजारात गेलो होतो तेव्हा केला. त्यात ती कोपऱ्याजवळ मोबाइल नेऊन सांगते – "पॅलेटवर असा निळा रंग असेल तर आधी नीट घासून घ्या."

 तिला काय माहीत? हसतेय किती छान त्यात.

२२ जानेवारी, बुधवार

हळदीकुंकू. एकोणीस बायका आल्या. वाण म्हणून तिने रंगवलेल्या पणत्या दिल्या. सोफ्यावर बसायला नंबर लावले होते म्हणे. व्हिडिओ चाळीस हजार जणांनी बघितला. मला वाटतं, चाळीस हजारांनी बघितला तो फक्त निळा रंग. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२४ जानेवारी, शुक्रवार

गिऱ्हाइकाची गाडी पॅलेट न्यायला आली. चार कमी.

मोजायला मीच होतो. "पुन्हा मोज," साहेब म्हणाले. पुन्हा मोजल्या. मोठ्याने. चार कमी.

२५ जानेवारी, शनिवार

गेटच्या कॅमेऱ्यात गाडी दिसते, अंधारात नंबर दिसत नाही. त्या संध्याकाळी ड्युटी खंडूकाकांची. रजिस्टर कोरं. कोरं राहिलं ते माझ्यामुळे!

त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. चहाच्या टपरीवर सगळे तेच बोलत होते. ते म्हणाले म्हणे, "माल माझ्यासमोर गेला, मान्य. पास येतोय. माणूस खात्रीचा हाय." नाव सांग म्हटलं तर म्हणाले, "पास आला की नाव त्यावर असंलच की." एजन्सीने एकतीस तारखेपर्यंत मुदत दिली. पास आणा, नाहीतर गेट सोडा.

संध्याकाळी त्यांचा फोन. मी तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा घेतला.

"महेश, पास मिळाला का रे?"

"साहेब रजेवर आहेत काका. सोमवारी."

"बरं बरं. सोमवारी." आवाजात राग नाही. निदान शिवी तरी द्यायची!

२८ जानेवारी, मंगळवार

ठरवून गेलो. स्टोअरच्या साहेबांच्या केबिनचं दार ढकललं. पूर्ण वाक्य पाठ होतं – साहेब, त्या पॅलेट मी नेल्या, खंडेरावांचा दोष नाही.

"काय रे महेश?"

"साहेब... नऊ तारखेला वास्तुशांत आहे. दहाची सुट्टी मिळेल का?"

मिळाली. वर अभिनंदनही केलं. मला स्टोअरमधून काढतील, हप्ते थांबतील, दादा-वहिनींना कळेल, चैताली... सगळी कारणं खरी आहेत. आणि मी भित्रा आहे हेही खरं.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज एकतीस. त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

गेटवर दुसराच पोरगेला वॉचमन. माझी पिशवी उघडून तपासली. तपास बाबा, नीट तपास. एवढं आधी कुणी केलं असतं तर!

खंडूकाकांनी निष्काळजीपणा झाला म्हणून सही करून दिली. नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. नोकरी गेली म्हणजे खोलीही गेली. पंधरा तारखेपर्यंत रिकामी करायची आहे. गावाकडे भावाच्या पडवीत राहणार म्हणे. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाजूने गेलो. लांबून दिसलं – चिमणाबाई तोरण काढत होत्या.

माझं घर सजलं आणि त्यांचं उतरलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

"तो व्हिडिओ काढून टाक," मी म्हटलं.

"का?"

"उगाच नजर लागते."

"तुम्हाला कधीपासून नजर लागायला लागली? माझं एक काही चाललं आयुष्यात, तेही बघवत नाही का?" रडली.  मला सांगता येत नव्हतं, तिला गप्प बसता येत नव्हतं. शेवटी मीच सॉरी म्हणालो. कशाबद्दल ते तिला वेगळंच वाटलं.

खाई त्याला खवखवे. 

९ फेब्रुवारी, रविवार

वास्तुशांत झाली. गुरुजी, होम, पंचवीस पानं. वहिनी आत आल्या, सोफ्याभोवती फिरल्या, साडीचे पडदे चाचपले आणि बसल्या. "चैताली, मला पण शिकव हं," म्हणाल्या! चैतालीने माझ्याकडे बघितलं. यासाठीच तर सगळं केलं होतं. मी हसलो. मला वाटतं हसलो असेन.

साडेबाराला दारात खंडूकाका आणि चिमणाबाई.

मी बोलावलंच नव्हतं. म्हणजे गेटवर, त्या संध्याकाळी, "वास्तुशांतीला बोलव" म्हणाले होते तेव्हा "हो" म्हटलं होतं, तेवढंच. मी शब्द पाळला नाही. त्यांनी पाळला. धुतलेला सदरा, टोपी. हातात नारळ आणि चैतालीसाठी खण. चिमणाबाईंच्या कडेवर तो डबा – गेरूचा, पांढऱ्या ठिपक्यांचा – तुळशीसकट.

"आता आमाला अंगण कुठाय पोरी? जावंच्या दारात हाय आधीच तुळस. तुज्या घरात वाढू दे." चैतालीने डबा घेतला आणि वाकून नमस्कार केला. मग त्यांना कुठं बसवलं असेल? सोफ्यावर!

काका बसायच्या आधी क्षणभर थांबले. अंगठ्याने कोपरा चाचपला. मग बसले. चिमणाबाई शेजारी. शिरा वाढला. चैताली म्हणाली, "काकू, गेट का सोडलं काकांनी?" आणि चिमणाबाईंचा बांध फुटला.

"सोडलं नाय गं, काढलं! कुण्या मेल्यानं फळ्या पळवल्या कंपनीच्या, आन् आळ ह्यांच्यावर. अकरा वर्सं! येक खिळा इकडचा तिकडं नाय केला. अन् हे नाव बी सांगंनात. ज्यानं नेल्या त्याचं तळपट होवो! त्या लाकडावर त्याला सुखाची झोप लागायची नाय!"

"अगं शुभ दिवशी काय बोलतीस! जेव गप," काका म्हणाले.

"बोलू द्या काका," चैताली म्हणाली. हातात शिऱ्याचं पातेलं, डोळ्यांत पाणी. "बरोबर बोलतात त्या. अशा माणसाच्या घरी मी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही!"

मी स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला आणि नुसता उभा राहिलो. भांडं भरून वाहून गेलं.

हात धुवायला काका गॅलरीत आले. मी टॉवेल धरला. दुसरं कुणी नव्हतं. आता सांगायचं, पाय धरायचे, असं ठरवलं. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली.

"पास राहूनच गेला रे तुझा."

"काका, तुम्ही माझं नाव का नाही..."

"तू उद्या देतो म्हणला होतास ना? माणूस उद्या म्हणला तर थांबायला पायजे. मी थांबलो." हात पुसले, टॉवेलची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली. "पोरीनं घर झ्याक केलंय. तिला काय सांगू नको. तिचा आजचा दिवस हाय."

जिन्याने उतरताना कठडा धरून उतरले. मी वरच उभा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा गेलो साहेबांच्या केबिनमध्ये. यावेळी दारातच बोलून टाकायचं ठरवलं होतं. हातात मात्र पेढ्यांचा पुडा होता. तो का घेतला होता, देव जाणे!

पेढे घेतले त्यांनी. म्हणाले, "वा! माणसाने असं हळूहळू स्वतःचं घर उभं करावं. नाहीतर तो खंडेराव बघ. चार फळ्यांसाठी म्हातारपणी इज्जत घालवली."

"हो ना साहेब," मी म्हणालो.

मी म्हणालो! काही गरज नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पेढा पुढे करत, मान हलवत, "हो ना साहेब!"

अर्ध्या भाकरीची आठवण तिथंच झाली. भाकरीवर लसणाची चटणी होती. परत येऊन बाथरूममध्ये तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा. चैताली म्हणाली, "पित्त झालंय का?" तुळशीला पाणी घालायला तिनेच सांगितलं. घातलं. डब्याच्या ठिपक्यांमधला एक अर्धवट आहे, बोट घसरलं असावं चिमणाबाईंचं. बराच वेळ तेवढाच बघत बसलो.

आता पंधरा तारखेला चारच दिवस. खोली रिकामी झाली की संपलं. लिहितो तेव्हा धीर येतो. वही फटीत गेली की धीरही फटीत जातो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी चैताली. खोळ धुवायची म्हणून गादी उचलली, तेव्हा वही सापडली. उभ्यानेच सगळी वाचली.

सोफा सुटा केलाय. सगळे खिळे काढले. चारही पॅलेट जिन्याशी लावून ठेवल्यात. वही आता ठेवायला फट नाही, म्हणून तुमच्या ताटाशेजारी ठेवते आहे. कामावरून आलात की वाचा आणि मला परत द्या. उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवायची आहे. व्हिडिओ काढून टाकलेला नाही. तोही दाखवीन.

वास्तुशांतीला मी जे बोलले ते मागे घेत नाही. वही वाचल्यापासून मी तुमच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही.

सकाळी आठला छोटा हत्ती सांगितलाय. पुढे ड्रायव्हरशेजारी एकाचीच जागा आहे. मी मागे फळ्यांवर बसेन, तुळस मांडीवर घेऊन. पुढची जागा तुमच्यासाठी सव्वाआठपर्यंत रिकामी ठेवायला सांगितली आहे.